मोठं खटलं, नांदतं घर, वेगळी चूल

प्रश्न

‘घट्ट विणीचं कुटुंब’ असा प्रयोग हल्ली वरचेवर वाचायला मिळतो. तीन पिढ्या, भावाभावांचे संसार, सगळ्यांचा एकमेकांत जीव आणि त्या जवळिकीतूनच होणारे ताण, एवढं सगळं त्यातून सांगायचं असतं. पण वीण कापडाची, खाटेची. माणसांची म्हणताना जीभ अडखळते. मराठीत यासाठी मुळातला शब्द कोणता? एकत्र, संयुक्त आणि अविभक्त कुटुंब यांत नेमका फरक काय?

उत्तर

आधी दुसरा प्रश्न. ‘एकत्र कुटुंब’ हे रुळलेलं मराठी. ‘एकत्रित कुटुंब’ मात्र टाळावं. एकत्रित म्हणजे गोळा केलेलं. माहिती एकत्रित असते, निधी असतो. ‘संयुक्त’ म्हटलं की आधी वेगळे असलेले भाग नंतर जोडल्याचा भास होतो. घर जोडलेलं नसतं, ते वाढलेलं असतं. म्हणून हा शब्द पाठ्यपुस्तकी वाटतो, चुकीचा नव्हे.

‘अविभक्त’ हा कायद्याचा शब्द. त्याचा रोख मालमत्तेवर आहे, मायेवर नाही. भाऊ तीन शहरांत राहत असले तरी वाटणी झालेली नसेल तर कुटुंब अविभक्तच. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये केलेल्या एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एक छत, एका चुलीवरचं जेवण, सामाईक मालमत्ता, एकत्र पूजा आणि विशिष्ट नातं असे पाच धागे आहेत. बोलीभाषा हे धागे सुटे सुटे ओळखते आणि ते तुटण्याला तिच्याकडे वेगवेगळे शब्दप्रयोग आहेत.

उत्तर

वरच्या उत्तरातला शेवटचा मुद्दा मी पुढे नेतो, कारण लिहिणारे इथेच सर्वांत जास्त चुकतात.

‘चूल वेगळी झाली’ म्हणजे स्वयंपाक वेगळा झाला, एवढंच. छप्पर आणि जमीन सामाईक असू शकते. ‘वेगळे निघाले’ म्हणजे बिऱ्हाडच हललं. ‘वाटणी झाली’ म्हणजे मालमत्तेचे भाग पडले. ‘खातेफोड’ हा त्यापुढचा, जमिनीच्या दप्तरातला शब्द: सामाईक खातं फोडून ज्याचं त्याचं वेगळं खातं करणं. या चार गोष्टी एकदम होतीलच असं नाही, याच क्रमाने होतील असंही नाही. चूल वेगळी झाल्याचं कळलं की ‘वाटण्या झाल्या’ असं लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. कायद्यातही नुसतं वेगळं जेवण हा वाटणीचा पुरेसा पुरावा धरत नाहीत. उलट भारताची जनगणना कुटुंब मोजते ते सामाईक स्वयंपाकघरावरून, म्हणजे बोलीतल्या चुलीवरूनच.

‘वाटणी’ ही क्रिया, ‘वाटा’ हा मिळालेला भाग. ‘हिस्सा’ व्यवहारात वाट्याच्या जागी चालतो, पण ‘दुःख वाट्याला आलं’ इथे ‘हिश्शाला आलं’ चालत नाही.

आणि ‘विभक्त’ जपून वापरा. ‘ते दोघे विभक्त झाले’ हे वाक्य आता नवरा-बायकोचं वाटतं. भावांसाठी ‘वेगळे झाले’ लिहावं. ‘विभक्त कुटुंब’ हाही मला अन्यायाचा शब्द वाटतो. जे कुणापासून तुटलेलं नाही अशा लहान कुटुंबालाही तो तुटल्याचा शिक्का मारतो.

उत्तर

पहिल्या प्रश्नासाठी ‘खटलं’ सुचवते. ‘मोठं खटलं आहे’ म्हणजे माणसांचा मोठा संसार. या शब्दात सुख आणि ओझं दोन्ही आहे: खटलं ‘असतं’, आणि ते ‘सांभाळावं’, ‘ओढावं’ही लागतं. ‘गोतावळा’त हे ओझं नाही. गोतावळा म्हणजे आपल्या माणसांचा मेळा, तो एका घरात राहत नसला तरी चालतो.

अडचण अशी की खटला कोर्टातही असतो. घरासाठी नपुंसकलिंगी ‘खटलं’ आणि कोर्टासाठी पुल्लिंगी ‘खटला’ असा भेद बहुतेक पाळला जातो, पण ‘घरचा केवढा मोठा खटला’ असंही कानावर येतं. विभक्ती लागली की दोघांचं रूप एकच, ‘खटल्यात’. ‘मोठ्या खटल्यात अडकली’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं. त्यामुळे ‘मोठ्या खटल्यात नांदली’ असं सोबतच्या क्रियापदाने अर्थ पक्का करावा.

उत्तर

‘नांदली’ हे अगदी नेमकं. खरं तर उत्तर या क्रियापदातच आहे. नांदणे हे संस्कृत ‘नन्द्’ धातूवरून आलं, म्हणजे आनंदणे. ‘राहतं घर’ म्हणजे ज्यात मुक्काम आहे ते; ‘नांदतं घर’ म्हणजे ज्यात माणसं आहेत, त्यांची ये-जा आहे आणि जे चाललं आहे ते. एकटा माणूस घरात राहतो. ‘एकटाच नांदतो’ असं कुणी म्हणत नाही.

‘नणंद’ म्हणजे ‘न नन्दति’, जी आनंदत नाही ती, अशी पारंपरिक फोड सांगतात. मूळ शब्द संस्कृत ‘ननान्दृ’. ही फोड मला नात्यातला ताण पाहून मागाहून बसवलेली वाटते. तिच्यावरून नणंदेबद्दल निष्कर्ष काढणं थांबवावं, ही कळकळीची विनंती. याच घरातल्या ‘जाऊ’ (यातृ), ‘दीर’ (देवर), ‘भावजय’ (भ्रातृजाया) या शब्दांच्या व्युत्पत्तीत असा डंख शोधायला कुणी जात नाही.

आणखी एक प्रश्न

भांडणाच्या शब्दांचं काय? ‘भाऊबंदकी’ म्हणजे भावाभावांतलं प्रेम असं वापरलेलं पाहिलं.

उत्तर

आज ते चूकच. -की प्रत्ययाने, ‘पाटीलकी’सारखं, ‘भाऊबंद असणं’ एवढाच अर्थ व्हायला हवा होता, पण रूढीने तो नातलगांतल्या वैरावर येऊन थांबला. नुसत्या नात्याच्या समूहासाठी ‘भावकी’ वापरा.

बाकी शब्द तीव्रतेने वेगळे आहेत. कुरबुर म्हणजे हळू आवाजातली, पण उच्चारलेली तक्रार. धुसफूस आत दाबलेली असते, ती हालचालीतून कळते. रुसवा समजुतीची वाट पाहतो, म्हणून रुसवा ‘काढतात’. अबोला तशी वाट पाहतोच असं नाही. तो ‘धरतात’ आणि कधीतरी ‘सुटतो’. ‘उणीदुणी काढणं’ जुन्या हिशेबांवर चालतं. ‘भांड्याला भांडं लागतंच’ ही म्हण फक्त कुरबुरीला लावावी. वाटणीच्या वैराला लावली तर दुखावलेल्याची तक्रार हलकी ठरते.

सुखाकडे मात्र नामं थोडी: एकोपा, जिव्हाळा, माया. तिथे मराठी क्रियापदांवर भिस्त ठेवते: धरून असणं, सांभाळून घेणं, चालवून घेणं, पाठीशी उभं राहणं. म्हणून ‘घट्ट विणीचं’च्या जागी विशेषण शोधू नका. ‘सगळे एकमेकांना धरून आहेत’ म्हटलं की काम होतं.

उत्तर

नात्यांच्या शब्दांत एक खाचखळगा. त्याच मुलाला चुलती ‘पुतण्या’ म्हणते आणि आत्या ‘भाचा’. पुरुषाला भावाचा मुलगा पुतण्या, बाईला मात्र स्वतःच्या भावाचा मुलगा भाचा आणि दिराचा मुलगा पुतण्या. अनुवादात बोलणारी व्यक्ती कोण, हे पाहिल्याशिवाय शब्द निवडू नका.

प्रश्नकर्ता

मग वाक्य असं करतो: ‘नांदणाऱ्या घरात कुरबुरी असतात, पण माणसं एकमेकांना धरून असतात.’

उत्तर

‘नांदत्या घरात’ करा. नांदणारी माणसं, घर नांदतं.