कासवाच्या टाकीत दुसरं कासव अन् बेंडकं ठेवली तं चालते का? (बजेट ३०००)

पऱ्हाटी_दारव्हा: नमस्कार मंडळी. दोन वर्षांआधी पोरासाठी नागपूरवरून पाण्यातलं कासव आणलं होतं, कानाजवळ लाल पट्टा असते ते, रेड इअर्ड स्लायडर. आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता तळहाताच्या वर गेलं, दीड फुटाच्या टाकीत वळता येत नाई त्याले. त्यात परवा नहरीले पाणी सुटलं तं वावरात एक चपटं कासव सापडलं, पाठ चामड्यासारखी मऊ, नाक नळीसारखं पुढं आलेलं. सध्या टोपल्यात ठेवलं आहे. पोट्टं म्हणते दोघांले संगं ठेवू अन् विहिरीतली दोन बेंडकंही टाकू, एकटं राह्यते बिचारं. संगं जमते का अन् कोणती टाकी घेऊ? बजेट तीन हजार, वर एक रुपया नाई, कापूस अजून घरातच पडून आहे.

संत्रापट्टी_मोर्शी: भाऊ चार फुटाचीच घ्या, त्याच्या खाली पाहूच नका. मी चार फुटी टाकी, कॅनिस्टर फिल्टर, यूव्हीबी लाइट (उन्हातला किरण देते तो), सगळं मिळून २२ हजारात बसवलं. दोन स्लायडर अन् मोठे मासे संगं आहेत, तीन वर्षं झाली, काई झालं नाई. ज्याले जमते त्याले जमते.

मास्तर_हिंगणघाट: मोर्शीवाल्या भाऊंचं नशीब चांगलं आहे, आमचं नव्हतं. माझ्या मुलीनं पावसाळ्यात अंगणातला बेडूक कासवाच्या टाकीत ठेवला, सकाळी पाहतो तर एक तंगडी तरंगत होती. मुलगी दोन दिवस जेवली नाही. कासवाला सोबत लागत नाही हो, ते आपल्याला वाटतं. त्याला जे तोंडात मावतं ते खाणं.

वैनू_आर्वी: आमच्याकडंही असंच झालं, मासे ठेवले होते, एकेक करून सगळे गेले. बाकी घरात कासव असलं की बरकत राह्यते, फक्त टाकी उत्तरेकडं ठेवा.

मास्तर_हिंगणघाट: ताई, उत्तर-दक्षिण सोडा, टाकीवर ऊन येतं का ते पाहा. उन्हातला तो यूव्हीबी किरण काचेतून आत जात नाही, म्हणून खिडकीत ठेवूनही कवच मऊ पडतं. मी हे फार उशिरा शिकलो.

वैनू_आर्वी: आमच्या आजीच्या काळापासून उत्तरेकडंच आहे, काई मऊ नाई पडलं.

धान_बोडी_साकोली: पऱ्हाटी भाऊ, टाकी नंतर, आधी टोपल्यातल्या त्या कासवाचं पाहा. वर्णनावरून ते फ्लॅपशेल आहे, आमच्या बोड्यांत (धानाच्या लहान तळ्यांत) नेहमी दिसते. पोटाकडून पाहा, मागच्या पायांवर कातडीची झापड असंल. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते, तीन ते सात वर्षं कैद अन् पंचवीस हजाराच्या वर दंड. आपल्या वावरात निघालं म्हणून ते आपलं होत नाई. १९२६ वर फोन करा, वन खात्याचा नंबर आहे. तळी आटली की ते चिखलात गाडून घेते अन् पावसानं वर येते, गोगलगाई खाते, धानाच्या बांधीत त्याच्यासारखा गडी नाई. काचेत डांबू नका त्याले, हात जोडतो.

गप्पा_पुसद: मग दोन्ही तलावात सोडून द्या, पुण्य लागते, खर्चही वाचते.

धान_बोडी_साकोली: स्लायडर अजिबात सोडू नका!! ते अमेरिकेतल्या मिसिसिपीकडचं आहे, आपलं नाई. तलावात गेलं की आपल्या कासवांची उन्हाची जागा अन् खाणं बळकावते. युरोपनं १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. पुण्य लागते म्हणणाऱ्यांनी आमच्या तलावाचं काय होते ते येऊन पाहावं.

ढोरदवाखाना_वरुड: मी ढोरांच्या दवाखान्यात कामाले आहे. मोर्शीवाले भाऊ म्हणतात तीन वर्षं काई झालं नाई, पण रोग असा दिसत नसते. एन्टामिबा इन्व्हाडेन्स म्हणून एक जंतू कासवाच्या आतड्यात मुकाट राह्यते, कासव धडधाकट दिसते, अन् तोच जंतू सापासरड्यात गेला तं आतडं सडवून मारते. म्हणून वेगळ्या जातीचे प्राणी एका पाण्यात नाई. बेंडकाचं तं याहून वाईट, ते कातडीनं पाणी पिते, अन् कासव दिवसभर त्याच पाण्यात हागते-मुतते, तो अमोनिया त्याच्या अंगात जाते. विहिरीतला निघाला खडबडीत भेक तं उलटं होईल, त्याच्या डोळ्यामागच्या गाठीत विष असते, आमच्या कुत्र्यानं एकदा तोंडात धरला तं अर्धा तास फेस गाळत होता. अन् पोराले साबणानं हात धुवाले लावा, कासवाच्या अंगावरच्या साल्मोनेला या जुलाबाच्या जंतूपायी अमेरिकेत चार इंचाखालचं कासव विकाले १९७५ पासून बंदी आहे.

संत्रापट्टी_मोर्शी: माझी टाकी दर आठवड्याले साफ होते, घाणेरडी नाई ती. फोटो टाकू का?

गप्पा_पुसद: लहानपणी आम्ही बेंडूक काठीले बांधून धोंडी धोंडी पाणी दे करत घरोघर हिंडायचो, आता वाईट वाटते त्याचं. बेंडकाले राहू द्या विहिरीत. स्लायडरचं माझं चुकलं, मागं घेतो.

मास्तर_हिंगणघाट: टाकी तीन फुटी जुनी घ्या, नागपुरात अडीच हजारात मिळून जाते. तासभर तरी बाहेरचं ऊन दाखवा.

ढोरदवाखाना_वरुड: जुनीच घ्या, अन् फिल्टर घेतल्याशिवाय आणू नका.

पऱ्हाटी_दारव्हा: सगळ्यांचे आभार. १९२६ वर फोन लावला, वनरक्षक आले, झापड दाखवली त्यांनी पोराले, अन् आमच्यासमोरच तलावात सोडलं. पोट्टं रडलं पण गेलं संगं पाह्याले. टाकी मात्र मी घेऊन नाई राह्यलो. गोठ्यामागं ढोराचं जुनं सिमेंटचं टाकं आहे, पाच बाय तीन, अर्ध्यावर निंबाची सावली. गुडघाभर पाणी, एका कोपऱ्यात विटांवर तिरपी फरशी बसाले. बूच काढलं की पाणी सरळ वांग्यांले जाते, फिल्टरचं काम नाई.

ढोरदवाखाना_वरुड: मे महिन्यात ४५ च्या वर जाते पारा, शिजंल ते. घरातच ठेवा.

संत्रापट्टी_मोर्शी: फिल्टर नाई तं शेवाळ धरंल.

पऱ्हाटी_दारव्हा: भाऊ, घरावर टिन आहेत अन् दुपारी लाइन राह्यत नाई, दीड फुटाच्या काचेतलं पाणी गेल्या मे मध्ये हाताले चटका देत होतं. टाक्यात पाणी दहापट आहे अन् खालून थंड राह्यते. उन्हाळ्यात सावलीच्या बाजूनं पोतंही बांधीन. मुंगूस अन् कावळ्यासाठी वर लोखंडी जाळी, नऊशे रुपये लागले. बेंडकं ओलीवर येतीलच, म्हणून जाळी बारीक छिद्राचीच घेतली.