तयपायाचे फोड, चिखल्या नाईत तर काय?

कापूसवाला (राळेगाव तालुका):
राजेहो, एक इचारतो. पोयाच्या नंतर मले तीन दिवस जोराची हगवण लागली. थांबली. तीनेक आठवड्यानं उजवा गुडघा भोपयावानी सुजला, सकाळी टाच टेकवत नाई. डोयेबी लाल झाले होते, मी म्हटलं फवारणीचं औषध उडालं असन. आता दोन्ही तयव्यांवर पिवळसर फोड आले, सुकून मेणाचे थेंब सांडल्यावानी जाड खपल्या झाल्या. ना खाज, ना दुखणं. मेडिकलवाल्यानं चिखल्या म्हणून मलम देलं, पंधरा दिवस लावलं, काईच फरक नाई. बायको म्हणते गुडघ्याचं वेगळं, पायाचं वेगळं. मले एकच वाटते.

पांदणरस्ता:
चिखल्या बोटाच्या बेचक्यात होतात भाऊ, अन् खाजवून जीव जाते. माह्या साळ्याले तुमच्यासारखंच झालतं. डॉक्टरनं इचारलं, लघवीच्या जागी काई हाय का? लाजला, नाई म्हणे. महिनाभर मग नुसत्या गुडघ्याच्या गोळ्या खाल्ल्या.

त्वचारोग डॉक्टर:
दादा, न पाहता खात्रीनं सांगत नाही, पण क्रम रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसचा वाटतो. हगवणीनंतर किंवा क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गानंतर साधारण १ ते ४ आठवड्यांत सांधे धरतात, बहुधा पायांचेच. तळव्यावर अशा खपल्या येतात त्याला केराटोडर्मा ब्लेनोरॅजिकम म्हणतात. दिसायला सोरायसिस या खपल्यांच्या त्वचारोगासारखंच, तुकडा काढून तपासला तरी फरक करणं अवघड जातं. म्हणून बाकीचं बघावं लागतं: नखं जाड होऊन खाली पापुद्रे साचलेत का, जिभेवर-टाळूवर फोड आहेत का, शिश्नाच्या टोकावर वळणदार काठाचे चट्टे आहेत का. हे बहुतेकदा दुखत नाहीत, म्हणून पेशंट सांगतच नाही. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर निदान होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं घेऊ नका. अन् ताप येऊन गुडघा लालगरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत पू असू शकतो. डोळा दुखून अंधुक दिसलं तरी तसंच.

कापूसवाला:
मॅडम, अंगठ्याचं नख जाड झालं हाय. मी समजलो डवऱ्याचा मार लागला. तुमी लाजेच्या जागेच्या चट्ट्यांचं लिवलं तेबी हाय, इथं जास्त नाई लिवत. सोमवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो, तिथं सगळं सांगतो.

पांदणरस्ता:
मेडिकलवाल्याचं मलमबी घेऊन जा संगं, काय लावलं ते इचारतात.