जास्वंदीचा क्लोजअप, बाहेरचा फ्लॅश: मागे काळोख, पाकळीवर पांढरा ठिपका

कुंडीतला_निवडुंग (बडोदे):
गच्चीवरच्या कुंड्यांतली जास्वंद टिपतोय. एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स, गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश, तो बिनतारी पेटवायला एक्स२टी ट्रिगर. अॅपर्चर एफ/१६, शटर १/२०० सेकंद, आयएसओ १००. फ्लॅश १/४ ताकदीवर, उघडाच, फुलाच्या समोर डावीकडे ६० सेंमीवर. कुंडी सावलीत असते. भर दिवसा काढूनही मागचं सगळं काळंकुट्ट येतं, पाकळीवर चकाकीचा ठिपका पडतो आणि लाल पाकळीतल्या शिरा दिसतच नाहीत. टीटीएलवाला (उजेड आपोआप मोजणारा) फ्लॅश घेतला तर सुटेल का? रविवारी कमाटी बागेत जायचंय, तिथे स्टँड नको आहे.

छायाप्रकाश:
नवा फ्लॅश घेऊ नका. टीटीएल फक्त किती उजेड टाकायचा ते ठरवतं; तुमचा प्रश्न उजेडाची जागा आणि आकार यांचा आहे.

आधी काळोखाचं बघू. आयएसओ १०० ला लख्ख उन्हाचं एक्स्पोजर साधारण एफ/१६, १/१००. तुम्ही १/२०० ठेवता, एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) गेला. सावलीत आणखी तीनेक. शिवाय १:१ ला (फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं उमटतं तेव्हा) लेन्स स्वतःच दोन स्टॉप खाते, म्हणजे एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ होतं (निकॉन हा बदललेला आकडा दाखवतो, कॅनन दाखवत नाही). एकूण सहा स्टॉप कमी, मग मागे काळंच येणार. त्यात एफ/३२ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) तपशीलही मऊ पडतो.

एफ/११, १/६०, आयएसओ ४०० करा. मागचा उजेड पावणेपाच स्टॉपनी वाढेल. फ्लॅशवर शटरचा परिणाम होत नाही, त्याला फक्त अॅपर्चर आणि आयएसओचे तीन स्टॉप मिळतात, म्हणून तो १/४ वरून १/३२ वर आणा. वारा असेल तर १/६० ला फुलाभोवती पुसट दुहेरी कड येते. तेव्हा १/२०० वरच राहा आणि फुलामागे २० सेंमीवर हिरव्या पानांची दुसरी कुंडी सरकवा, म्हणजे फ्लॅशचा उजेड तिच्यावर पडेल.

एक लक्षात घ्या: एफ/११ ला १:१ वर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटरच्या आत. जास्वंदीतून बाहेर येणारा केसरांचा लांब दांडा त्यात मावणं शक्य नाही. १:३ पर्यंत मागे या, सुमारे पाच मिमी मिळतात, आणि दांडा सेन्सरला समांतर येईल असं बाजूने टिपा.

बटरपेपर:
ठिपका म्हणजे फ्लॅशच्या तोंडाचंच प्रतिबिंब. ६० सेंमीवरून ते तोंड फुलाला टिकलीएवढं दिसतं. साधारण २० × २० सेंमीचा पडदा १५ सेंमीवर आणा. पुठ्ठ्याचं खोकं, आत अॅल्युमिनियम फॉइल, तोंडाला बटर पेपरचे दोन थर आणि त्या थरांत ४-५ सेंमी पोकळी. थर एकमेकांना चिकटवले तर मधोमध तेजस्वी गोळा उरतो आणि ठिपका परत येतो. फ्लॅशची वाइड पॅनेल (उजेड पसरवणारी पारदर्शक पट्टी) बाहेर काढायला विसरू नका.

६० वरून १५ सेंमी म्हणजे उजेड सोळापट, चार स्टॉप. पेपर त्यातले दोनेक खातो. वरच्या हिशेबातले १/३२ आता १/१२८ होतात, आणि ती टीटी६०० ची शेवटची पायरी आहे. त्यामुळे आयएसओ २०० ठेवून १/६४ पासून सुरुवात करा. मागचा उजेड मात्र यात एक स्टॉप घटेल. फ्लॅश जवळ आला की त्याचा उजेड मागे पोहोचत नाही, तेव्हा दूरची पार्श्वभूमी दिवसाच्या उजेडावरच उभी करायची.

शिरांसाठी फ्लॅश समोरून हलवा. फूल घड्याळाच्या मध्यभागी आणि तुम्ही सहाच्या जागी असाल, तर फ्लॅश दहा-अकराच्या जागी, पाकळीच्या मागून. उजेड पाकळीतून आरपार येतो, शिरा आपोआप उठतात. समोर उजवीकडे पांढरं कार्डशीट धरा. फॉइल नको, त्याने नवे ठिपके पडतात. फ्लॅश लेन्सकडे तोंड करून असल्यामुळे मध्ये काळ्या कार्डाचा आडोसा हवाच, नाहीतर चित्र धुरकट होतं.

कुंडीतला_निवडुंग:
मागून उजेड टाकल्यावर शिरा आल्या! पण फुलाच्या मध्याजवळ अजून सपाट लाल पट्टा आहे, हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) तर ठीक दिसतो. आणि अधूनमधून फ्लॅश पेटतच नाही.

छायाप्रकाश:
तो एकत्रित हिस्टोग्रॅम असणार. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) लावा. लाल रंगात फक्त लाल चॅनेल उजव्या भिंतीला आपटतो आणि सरासरीत ते लपतं. लाल सुटेपर्यंत फ्लॅश कमी करा, बहुधा २/३ ते १ स्टॉप, आणि फोटो रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, कारण कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्रॅम जेपेगवरून बनतो. पांढऱ्या मोगऱ्याला तिन्ही चॅनेल एकदम जातात, तिथे साधा हिस्टोग्रॅम पुरतो.

बटरपेपर:
न पेटण्याचं कारण अंतर असू शकतं, ट्रिगर आणि फ्लॅश फार जवळ आलेत. एक्स२टीच्या कस्टम फंक्शनमध्ये डिस्ट (अंतर) ०-३० मीटरवर करा.

कमाटी बागेत फ्लॅश डाव्या हातात, १/२०० आणि १/३२ च्या खालची पॉवर. सावलीतल्या फुलावर जवळजवळ सगळा उजेड फ्लॅशचाच असल्याने हाताचं आणि देठाचं हलणं गोठतं. फोकस मॅन्युअल ठेवून शरीर किंचित पुढेमागे डोलवा आणि कडा धारदार दिसताच दाबा. तिथल्या रोपांना चिमटे-काड्या लावू नका. सराव घरी करायचा तर खंडेराव मार्केटची शेवंती बरी, पाण्यात काही दिवस टिकते. जास्वंद संध्याकाळी मिटते.