तेराव्या वर्षी ‘ययाती’? या यादीला माझा विरोध आहे

सुवाच्य यांची पोस्ट, थोडक्यात: 13 ते 16 वयाच्या मुलांनी वयाच्या क्रमाने वाचावं. तेराव्या वर्षी ‘श्यामची आई’ आणि ‘ययाती’, चौदाव्या वर्षी गलिव्हर आणि ‘मृत्युंजय’, पंधराव्या वर्षी फ्रँकेनस्टाइन, सोळाव्या वर्षी ‘कोसला’. रोज एक तास. पुस्तक अर्धवट सोडायचं नाही. संपलं की एक पान सारांश लिहायचा.

---

बोरू

हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

वय हा पुस्तक निवडण्याचा सगळ्यात कच्चा निकष आहे. तेरा वर्षांचं एक मूल चारशे पानं आठवड्यात संपवतं, दुसरं अजून जोडाक्षरापाशी अडखळतं. दोघांच्या हातात एकच पुस्तक देणार? मुलाला दोन गोष्टी विचारा. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? आणि मध्येच टाकलेलं कोणतं, कितव्या पानाच्या आसपास? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं. पहिल्या पंधरा-वीस पानांत टाकलं असेल तर भाषा किंवा छपाई नडली. साठ-सत्तर पानांवर टाकलं तर बहुधा पात्रांचा गुंता झाला किंवा कथानक रेंगाळलं. शेवटाजवळ येऊन टाकलं असेल तर पुढचं सोसवेना म्हणून टाकलं. ‘पाडस’ असं टाकणारी मुलं असतात. त्यांना वाचनाची गोडी नाही असं समजणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे.

नंतर पान तपासायचं. मधलं कुठलंही पान उघडा. पहिलं नको, ते लेखकाने घोटून घोटून लिहिलेलं असतं. मुलाने मनातल्या मनात वाचावं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावं. एक-दोन बोटं म्हणजे सोपं, तीन-चार म्हणजे बेताचं. पूर्ण मूठ वळली तर ते पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नये.

आता ‘ययाती’. अडचण शब्दांची नाही, खांडेकरांची वाक्यं वाचवतात. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची बाजू सांगतात आणि सगळ्याच्या मुळाशी वासना आणि विरक्ती आहे. ज्याला वासनाच अजून उमगलेली नाही त्याला विरक्तीचं काय कौतुक? सतराव्या-अठराव्या वर्षी तेच पुस्तक धरून ठेवतं. ‘मृत्युंजय’चं उलट आहे. अपमान, मैत्री, आपण नेमके कुणाचे हा प्रश्न, हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाला थेट भिडतं, पण शब्द जड आणि पुस्तक जाडजूड. त्यावर उपाय आहे. त्याचे नऊ खंड आहेत आणि त्यांतले चार कर्णाच्या तोंडी. कर्णाचा पहिला खंड संपला की तिथे थांबायची मोकळीक द्या.

आणि तो एकपानी सारांश कृपा करून काढून टाका. सारांश लिहायचाय हे माहीत असलं की मूल घटना गोळा करत वाचतं.

---

सुवाच्य

बोटं मोजून पुस्तक निवडलं तर मूल आयुष्यभर तीन बोटांचीच पुस्तकं वाचेल.

तुमच्या चाचणीत एक मोठी खोट आहे. प्रत्येक लेखकाचा शब्दसाठा ठरलेला असतो आणि तो पुन:पुन्हा येतो. ‘स्वामी’सारख्या कादंबरीत पेशवाईतले शब्द पहिल्या तीस-चाळीस पानांत दाटीने भेटतात. तेवढी पार केली की तेच शब्द ओळखीचे होतात. तुम्ही मधलं पान उघडता तेव्हा मुलाने आधीची शंभर पानं वाचलेलीच नसतात. मग मूठ वळणारच! म्हणून ‘अर्धवट सोडायचं नाही’ हा नियम मी विचार करूनच घातलाय. चाळीस पानांआधी सोडू दिलं तर अवघड पुस्तक कधीच हाताला लागणार नाही.

---

पानखूण

दोघेही 1970च्या आधीच्या पुस्तकांतच फिरताय, हे माझं दुखणं. ‘फास्टर फेणे’ संपल्यावर आणि ‘कोसला’ सुरू होण्याआधी मराठीत जी दरी आहे तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. बनेश फेणेच्या वीस पुस्तकांचा दहा ते तेरा वयात फडशा पडतो, आणि मग एकदम ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर? तो वसतिगृहात राहून कंटाळतो. तो कंटाळा हेच त्या कादंबरीचं मर्म आहे, पण सोळा वर्षांच्या वाचकाला वाटतं पुस्तकच कंटाळवाणं आहे.

मधल्या पायऱ्या आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन: आधी ‘वनवास’, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. क्रम मोडू नका, लंपन पुस्तकागणिक मोठा होतो. भाषेत कानडी वळणं आहेत, पहिल्या कथेत अडखळायला होतं, म्हणून तेवढी मोठ्याने वाचून दाखवावी. मग ‘बनगरवाडी’. लहानखुरी आहे आणि नायक स्वतः कोवळा, नवखा मास्तर आहे. मग मिलिंद बोकिलांची ‘शाळा’: नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ. नववीतल्या मुलाला नववीतल्या मुलाची गोष्ट द्यायला भीती कसली?

---

सुवाच्य

‘शाळा’मध्ये शिव्या आहेत.

---

पानखूण

आहेत. नववीतल्या वर्गातही आहेत. ‘ययाती’तली वासना तेराव्या वर्षी चालते, कारण ती राजवाड्यात घडते आणि शुद्ध भाषेत घडते. बाकावरच्या मुलाने मैत्रिणीबद्दल मनात विचार केला की मात्र अडचण! हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

---

मुद्राराक्षस

सगळे नावं सांगताय, आवृत्ती कुणीच सांगत नाही. ‘गलिव्हर’ म्हणजे कुठला गलिव्हर?

1726च्या मूळ पुस्तकात चार भाग आहेत. मुलांच्या हाती पडतात ते बहुतेक पहिले दोन, बुटक्यांचा देश आणि राक्षसांचा देश. उडतं बेट गेलं, आणि शहाण्या घोड्यांचा देश तर गेलाच. त्या चौथ्या भागात माणसाची लाज वाटावी असं लिहिलंय, पुस्तकाचा सगळा डंख तिथे आहे. सुवाच्य यांनी चौदाव्या वर्षासाठी कोणता सांगितला? दोन भागांचा असेल तर तो नवव्या वर्षी वाचायचा. चारही भागांचा असेल तर चौदा वर्षाला योग्य, पण तसं लिहा तरी.

ओळखायचं कसं, तर श्रेयपान बघा. ‘अनुवाद’, ‘रूपांतर’ आणि ‘संक्षिप्त’ हे तीन वेगळे शब्द आहेत. अनुवादकाचं नावच नसेल तर पुस्तक ठेवून द्या. मूळ भाषा आणि मूळ प्रकाशनवर्ष नसेल तर संशय घ्या. मग प्रकरणं मोजा. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या प्रवासात 37 प्रकरणं आहेत, समुद्राखालच्या वीस हजार लीगांत 47. हातातल्या पुस्तकात पंधराच असतील तर बाकीचं कापलेलं किंवा कोंबलेलं आहे. व्हर्नच्या बाबतीत आणखी एक लोचा आहे. समुद्रकथेचा 1870च्या दशकातला पहिला इंग्रजी अनुवादच सुमारे चतुर्थांश मजकूर गाळून आणि विज्ञानातल्या चुका घालून केला होता. त्यावरून पुढे काही केलं असेल तर मुलगा म्हणणार, या लेखकाला विज्ञान कळत नाही.

---

दुवा

मुद्राराक्षस, तुमच्या शुद्धतेने किती मुलं पुस्तकापासून लांब जातात याचा विचार करा. ज्याला पंचवीस पानं सलग वाचता येत नाहीत, त्याच्यापुढे 47 प्रकरणं ठेवून काय साधतं? संक्षिप्त आवृत्ती म्हणजे फसवणूक, असं तुम्ही सरळ म्हणताय. तिच्यामुळे वाचक तयार होतात.

---

मुद्राराक्षस

फसवणूक असं मी म्हटलेलं नाही. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ लिहिलं नसेल तर मात्र ती फसवणूकच आहे, यात शंका नको. आणि अशक्त वाचकाला कापलेलं मोठं पुस्तक देण्यापेक्षा न कापलेलं छोटं द्या. कापताना आधी वर्णनं जातात, मग मनातले विचार, आणि उरतं काय, तर ‘मग तो तिकडे गेला, मग असं झालं’. मुलाला वाटतं अभिजात पुस्तकं अशीच कोरडी असतात. पुन्हा मूळ पुस्तकाकडे ते वळत नाही, कारण गोष्ट तर कळलेलीच असते. शेरलॉक होम्सच्या 56 कथा आहेत, प्रत्येक एका बैठकीत संपणारी. नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ हाही कथासंग्रहच. कात्री कशाला हवी?

---

बोरू

होम्सवरून सांगतो, सुरुवात कुठून करायची तेही महत्त्वाचं. लोक पहिली कादंबरी म्हणून 1887ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ हातात देतात. तिच्या दुसऱ्या अर्ध्यात गोष्ट एकदम अमेरिकेत जाते आणि पानंच्या पानं होम्स गायब! मूल तिथे पुस्तक मिटतं. 1892चा बारा कथांचा पहिला संग्रह आधी द्या.

फ्रँकेनस्टाइनचंही तसंच. आधी एका दर्यावर्दीची चार पत्रं, मग बालपण, मग विद्यापीठ. 1831च्या आवृत्तीत फ्रँकेनस्टाइनने घडवलेला तो जीव डोळे उघडतो थेट पाचव्या प्रकरणात. हे आधी सांगून ठेवलं तर मूल तिथवर वाट बघतं. सांगितलं नाही तर दुसऱ्या पत्रातच संपलं.

---

दुवा

म्हणजे वाट दाखवायला कुणीतरी हवं, हे तुम्हीच मान्य केलंत. पण प्रत्येक घरात होम्सचा कुठला संग्रह आधी, हे सांगणारं माणूस नसतं. तिथे संक्षिप्त आवृत्ती तेच काम करते. तुम्ही पट्टीचे वाचक आहात, म्हणून हे तुम्हाला दिसत नाही.

---

मुद्राराक्षस

हा मुद्दा आहे, नाकारत नाही. तरी छोटं आणि अखंड, हेच माझं उत्तर.

---

पानखूण

छपाईबद्दल एक वाक्य लिहू द्या. बारीक टाइप, दोन ओळींत जागा नाही, शाई पलीकडच्या पानावर उमटलेली, अशा जुन्या प्रतीत मूठभर शब्द अडतात ते शब्दांमुळे नाही. बोरूंची चाचणी करण्याआधी तोच उतारा मोठ्या टाइपात दाखवून बघा. बोटं कमी झाली तर पुस्तक तेच ठेवा, प्रत बदला.

---

सुवाच्य

मोठ्या टाइपाचं मान्य. गलिव्हरपुढे ‘चारही भाग’ असं लिहितो, तीही चूक माझीच. ‘ययाती’ सतरा वर्षांवर नेतो, ‘कोसला’ही. ‘शाळा’ माझ्या यादीत येणार नाही. तुम्ही तुमची यादी करा.

पण चाळीस पानांचा नियम मी सोडत नाही. बोरू, तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत.

---

बोरू

बोलायचं टाळलं, कारण तुमचं बरोबर होतं. मधलं पान खोटं बोलू शकतं. म्हणून आता असं म्हणतो: एक चाचणी पाचव्या पानावर आणि दुसरी चाळिसाव्यावर, मधलं वाचून झाल्यानंतर. बोटं कमी झाली तर पुढे चला. तेवढीच राहिली तर सोडायची मुभा हवी, आणि सोडताना ‘का’ विचारायचं नाही. रोज पंधरा पानं धरली तर चाळीस पानं तीन दिवसांत होतात. तीन दिवस मी मागू शकतो. दोनशे पानांचे दोन आठवडे सक्तीने नाही मागणार.

‘श्यामची आई’ मात्र या हिशेबात बसवू नका. ती बेचाळीस रात्रींत सांगितलेली गोष्ट आहे. रोज एक रात्र, जमलं तर कुणीतरी मोठ्याने वाचायची. एका बसणीत दहा रात्री वाचल्या की दहा वेळा रडवल्यासारखं होतं, मुलं वैतागतात आणि दोष पुस्तकाला लागतो.

---

सुवाच्य

आणि सारांश?

---

बोरू

नाही. लिहायलाच लावायचं असेल तर एक ओळ पुरे: कुठलं पान पुन्हा वाचलंस?

---

सुवाच्य

ओळीसोबत पानाचा क्रमांकही लिहायला लावीन.

---

मुद्राराक्षस

आणि आवृत्ती कोणती, तेही.