मदत हवी आहे : एकाच रकान्याचा प्रकार बदलला, तरी टेबलवरचे सगळे इंडेक्स नव्याने का बांधले जातात?

नमस्कार. आमच्याकडे पोस्टग्रेस १४ या डेटाबेसवर सुमारे १८ कोटी ओळींचे व्यवहारांचे एक टेबल असून त्यावर नऊ इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याच्या सूची) आहेत. प्राथमिक की (प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख) असलेला रकाना इंटिजर (पूर्णांक) प्रकारचा आहे आणि त्यातील क्रमांक २१४७४८३६४७ या कमाल मर्यादेकडे सरकत असल्यामुळे तो बिगइंट (मोठा पूर्णांक) करणे भाग आहे. चाचणीच्या प्रतीवर मी तीन बदल स्वतंत्रपणे करून पाहिले आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर पीजी-क्लास या अंतर्गत टेबलमधील रेलफाइलनोडचे, म्हणजे डिस्कवरील फाइलचे, आकडे टिपून ठेवले.

संदर्भ क्रमांकाच्या व्हारचार (मजकूर) रकान्याची कमाल लांबी ३० वरून ५० केली, तेव्हा आदेश क्षणात संपला आणि एकही आकडा बदलला नाही. नावाच्या रकान्याचे कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचे नियम) बदलले, तेव्हा टेबलचा आकडा तोच राहिला, परंतु त्या रकान्यावरच्या दोन इंडेक्सचे आकडे बदलले. बिगइंटच्या वेळी मात्र टेबल आणि नऊच्या नऊ इंडेक्स यांचे आकडे बदलले, पाऊण तासाहून अधिक वेळ गेला आणि डिस्क जवळजवळ भरली. या नऊपैकी सात इंडेक्समध्ये तो रकाना नाहीच. मग ते का बांधले गेले? आणि प्रत्यक्ष प्रणालीवर इतका वेळ टेबल बंद न ठेवता हे कसे करावे?

उत्तर

आपण आकडे टिपून ठेवलेत हे उत्तम केलेत, कारण निम्मे उत्तर त्यांतच आहे. इंटिजर ४ बाइटचा आणि बिगइंट ८ बाइटचा असल्यामुळे प्रत्येक ओळीचा साठा बदलतो, म्हणून पोस्टग्रेस संपूर्ण टेबल नव्या फाइलमध्ये लिहून काढते. इंडेक्समधील नोंद ओळीकडे बोट दाखवते ते पानाचा क्रमांक आणि त्या पानावरील जागा यांच्या आधारे. नव्या फाइलमध्ये या जागांची शाश्वती राहत नाही, म्हणून ज्या इंडेक्सचा त्या रकान्याशी काही संबंध नाही, तोही निरुपयोगी ठरतो. बदल कमिट (कायम) होईपर्यंत जुनी फाइल काढता येत नाही. डिस्क भरण्याचे कारण तेच.

कोलेशनच्या बाबतीत ओळी जागच्या जागी राहतात, पण क्रमवारी बदलू शकते, म्हणून केवळ त्या रकान्याचे इंडेक्स बांधले जातात. व्हारचारची मर्यादा वाढवल्याने यांपैकी काहीच बदलत नाही आणि ९.२ आवृत्तीपासून पोस्टग्रेस ते ओळखून इंडेक्सची जुनीच फाइल वापरते. मर्यादा कमी केलीत, तर मात्र टेबल पुन्हा लिहिले जाते. पुढच्या चाचणीत क्लायंट-मिन-मेसेजेस ही सेटिंग डीबग१ (सविस्तर संदेश) वर ठेवलेत, तर टेबल लिहिले जात आहे की नुसता इंडेक्स बांधला जात आहे हे संदेशांतूनच कळेल.

या संपूर्ण काळात टेबलवर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक असतो, म्हणजे नुसते वाचन करणारा साधा सिलेक्टही खोळंबतो. त्यामुळे थेट ऑल्टर (प्रकार बदलण्याचा आदेश) करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिगइंटचा नवा रकाना जोडा, नव्या आणि बदलणाऱ्या ओळींसाठी तो आपोआप भरणारा ट्रिगर लावा, जुन्या ओळी काही हजारांच्या तुकड्यांत भरा आणि मधूनमधून व्हॅक्यूम (ओळींच्या जुन्या प्रतींची सफाई) चालू द्या. नंतर युनिक इंडेक्स काँकरंटली पद्धतीने, म्हणजे लिहिणे न थांबवता, बांधा. नॉट नलसाठी (रकाना रिकामा नसावा या अटीसाठी) आधी नॉट व्हॅलिड चेक, म्हणजे जुन्या ओळी न तपासणारी अट, लावून तो स्वतंत्रपणे व्हॅलिडेट करा. १२ व्या आवृत्तीपासून सेट नॉट नल त्याच चेकचा आधार घेते, त्यामुळे टेबल पुन्हा वाचले जात नाही. शेवटी एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये रकान्यांची नावे बदलून तयार इंडेक्स प्राथमिक कीला जोडा. त्यापूर्वी लॉक-टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची मर्यादा) काही सेकंदांवर ठेवायला विसरू नका, कारण एखादी लांबलेली क्वेरी पुढे असेल, तर तुमचा ऑल्टर तिच्यामागे थांबेल आणि बाकी सगळे त्याच्यामागे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चाचणीत आणखी एक गोष्ट आढळली : रकाना सिरियल (आपोआप वाढणारे क्रमांक) पद्धतीने तयार केलेला असल्यामुळे त्याला क्रमांक पुरवणारा सीक्वेन्सही इंटिजरच होता. रकाना बिगइंट होऊनही २१४७४८३६४७ नंतरची पहिलीच नोंद फसली. ऑल्टर सीक्वेन्सने तो बिगइंट केल्यावर नोंद झाली. या टेबलच्या प्राथमिक कीकडे बोट दाखवणारी फॉरेन की असलेल्या चार टेबलांतील रकानेही इंटिजरच आहेत, त्यामुळे आता तीच प्रक्रिया तेथून सुरू करत आहे.