पट्टीमागची चित्रं: याला मराठीत म्हणायचं काय?

घाटंजी तालुक्यातून
मंडळी, एका शब्दासाठी अडलो आहे. माझी मामी कित्येक वर्षांपासून रोज लहान लहान आकृत्या काढते. माचिसच्या डबीपेक्षा मोठी एकही नाही. त्रिकोणाला त्रिकोण चिकटत जातात, मधेच एखादा षटकोन, त्यात जाळी, जाळीत ठिपके. पट्टी नाही, कंपास नाही, खोडरबर तर नाहीच. बॉलपेन उचलते आणि सुरू करते. शेवटी काय होणार ते तिलाच ठाऊक नसतं. कागद म्हणजे कापूस विकल्यावर मिळते त्या काटापट्टीची, म्हणजे वजन-भावाच्या पावतीची, मागची बाजू, नाहीतर एसटीचं तिकीट. बिस्किटांचे दोन डबे भरले आहेत.

आता गावच्या वाचनालयात यातली काही चित्रं मांडायची आहेत आणि खाली दोन ओळींची पाटी लावायची आहे. मी लिहिलं, ‘अनियोजित भौमितिक रेखाटने’. ग्रंथपालकाका वाचून म्हणाले, ‘‘हे तं अतिक्रमणाची नोटीस वाटते ना भाऊ!’’ बरोबर आहे त्यांचं. दुसरा शब्द सुचवा.

वर्ध्याहून
डूडल म्हणा की. पोरापोरींना तोच माहीत आहे. सणावाराला गूगल उघडलं की दिसतंच.

घाटंजी तालुक्यातून
गूगलचं डूडल आधी ठरवून, चार जणांना दाखवून केलेलं असतं. इथे सगळं उलटं. शिवाय इंग्रजीत हा शब्द पूर्वी बावळट माणसासाठी वापरायचे. मामीला कळलं तर डबा माझ्याच डोक्यात बसेल.

दारव्ह्याहून
आमच्या घरी याला सरळ ‘चाळा’ म्हणतात. खरं तर ‘चाया’, कारण वऱ्हाडी बोलताना ळ टिकत नाही: शाळेची शाया होते, रांगोळीची रांगोयी. ‘पोरीले कागदाचा चाया हाय.’ रिकामा हात आपसूक जे करत बसतो, ते. रेघोट्या, गिरगोट्या हेही शब्द आहेत, पण त्यांत लेकराने भिंत खराब केल्याची तक्रार ऐकू येते. चाळ्यात तक्रार कमी, सवय जास्त. एकच सांभाळा, एकवचन सोडू नका. ‘मामींचे चाळे’ अशी पाटी लावलीत तर वाचनालयात गर्दी भलत्याच कारणाने होईल.

आर्वीहून, निवृत्त चित्रकला शिक्षक
‘चाळा’ गोड आहे, पण त्यात सवय आली, चित्र नाही आलं. मी क्रियापदांकडे बघतो. मराठीत रेघ ओढतात, रेघोट्या मारतात, चित्र काढतात, रांगोळी काढतात किंवा घालतात, अक्षर गिरवतात. पण वहीला समास मात्र आखतात. आखायला पट्टी लागते आणि आधी विचार लागतो. म्हणून तर योजनाही आपण आखतो, रस्त्याची आखणी करतो. तेव्हा तुमच्या ‘अनियोजित’ला घरचा शब्द पाहिजे असेल तर तो ‘न आखलेलं’.

आणि इथेच गंमत आहे. ‘आखीव-रेखीव’ आपण एका दमात बोलतो, जणू दोन्हींचा अर्थ एकच. तुम्ही पाठवलेले फोटो मी भिंग लावून पाहिले. एकाही षटकोनाच्या बाजू सारख्या नाहीत, रेघा थरथरतात, तरी तोल कुठे जात नाही. चित्रं आखीव नाहीत, पण रेखीव आहेत. मामींनी जोडशब्दाची जोडी फोडली!

मी नोकरीभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवत आलो. तिथे ‘संकल्पचित्र’ असतं: दिलेल्या चौकटीत नक्षी बसवायची, आधी कच्चं आखून घ्यायचं. संकल्प आधी, चित्र मागाहून. भूमितीचं नाव तर ‘कर्तव्य भूमिती’. (कर्तव्य! पोरं पळणार नाहीत तर काय.) मामींच्या कागदावर ना संकल्प, ना कर्तव्य.

अमरावतीहून
रवींद्रनाथ टागोर आठवले. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते एकमेकांना जोडत जायचे आणि त्यातून पक्षी, मुखवटे, वेलबुट्टी उगवायची. साठी उलटल्यावर ते चित्रांकडे वळले ते याच वाटेने. १९३० साली पॅरिसला प्रदर्शनही भरलं. बंगालीत खाडाखोडीला ‘काटाकुटी’ म्हणतात. आपली ‘खाडाखोड’ मात्र मास्तरांच्या लाल शाईतून बाहेरच पडली नाही.

घाटंजी तालुक्यातून
मामी खोडत नाही पण. चुकलेली रेघ तशीच ठेवते आणि पुढचा आकार तिच्याशी जुळवून घेते.

पांढरकवड्याहून
मी शेतकरी माणूस, पण एक शब्द सरांच्या यादीत राहिला. चौफुली कपाशी लावताना शेतात उभे-आडवे काकर, म्हणजे मातीत रेघा, पाडतात. काकर जिथे एकमेकांना कापतात ती फुली. फुलीवर सरकी लावली की डवरा, म्हणजे तण काढायचं औत, उभाही फिरतो, आडवाही. आता एवढी मोठी भूमिती, पण आमच्याकडे कोणी ‘काकर आखले’ म्हणत नाही. काकर पाडले, फुल्या पाडल्या, असंच म्हणतात. पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, नजरेने धरायचं आणि दुसरं पहिल्याच्या अंदाजाने. तुमच्या मामीचं तसंच दिसून राहिलं मले. पहिला त्रिकोण पुढच्याले जागा दाखवते.

आर्वीहून, निवृत्त चित्रकला शिक्षक
‘पाडणे’! कपाशीच्या मुलखात जन्म गेला आणि हे सुचू नये. तुमचा शब्द घेतला, भाऊ.

घाटंजी तालुक्यातून
काल संध्याकाळी मामीला सगळं वाचून दाखवलं. ‘चाया’ ऐकून हसली. टागोरांचं नाव निघालं तेव्हा भाकरी उलटवत होती, काही बोलली नाही. फुल्यांशी आल्यावर म्हणाली, ‘‘हे बराबर हाय. काकरासारखंच हाय थे.’’

म्हणून पाटी अशी ठरवली आहे: ‘पट्टीमागच्या फुल्या. आखीव नाहीत.’ दुसऱ्या वाक्याबद्दल ग्रंथपालकाका अजून कुरकुरत आहेत. त्यांच्या मते कोणी विचारलंच नसताना कबुली कशाला?

मामीला पाटीचं सोयरसुतक नाही. तिची अट दुसरीच आहे. कागद काचेत ठेवायचा नाही, पुठ्ठ्यावर चारही बाजूंनी चिकटवून टाकायचा. ‘‘नाहीतं लोकं उलटून पायतीन. कापसाचा काय भाव भेटला थे कोनाले दिसू नोको.’’