बेंझोइक आम्लाचा पीकेए ४.२० ऐवजी ५.६५ येतो : मदत हवी आहे

निळा_लिटमस :
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बेंझोइक आम्लाचा पीकेए, म्हणजे आम्ल किती दुबळे ते दाखवणारा आकडा, काढते आहे. पुस्तकात २५ अंशांना ४.२० दिला आहे आणि माझा तिन्ही वेळा ५.६५ च्या आसपास आला. मीटर ४ आणि ७ च्या बफरने जुळवले होते, सोडियम हायड्रॉक्साइड थोडेथोडे मिसळत (टायट्रेशन) निम्मे आम्ल उदासीन झाल्यावर जो पीएच येतो तोच पीकेए म्हणून घेतला. सोमवारी मार्गदर्शकांना आकडे दाखवायचे आहेत, तेव्हा चूक कुठे आहे ते कृपया लवकर सांगावे.

ब्यूरेट :
सोडियम हायड्रॉक्साइड प्रमाणित केले होते का, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासली होती का? ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहते, म्हणून मी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने तपासल्याशिवाय ब्यूरेट भरतच नाही.

तरंगलांबी :
टायट्रेशन सोडून यूव्ही (अतिनील प्रकाशाचे शोषण मोजण्याची पद्धत) वापरावे, असे मी अनुभवाने सांगतो. अतिसौम्य द्रावण पुरते आणि विद्राव्यतेचा प्रश्नच उरत नाही.

ब्यूरेट :
यूव्हीतही प्रत्येक बफरचा पीएच शेवटी याच मीटरने मोजावा लागतो, मग मीटरची शंका तिथे कशी मिटणार?

काचनळी :
मीटरचा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवू नये, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा.

प्रयोगवही :
ताई, आम्ल कशात विरघळवले ते आपण लिहिलेच नाही. शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून झालेल्या कार्बोनेटमुळे टायट्रेशनचा अंतिम बिंदू थोडा सरकेल, पण पीकेए जवळजवळ दीड एककाने वर जाणार नाही.

निळा_लिटमस :
अर्धे इथेनॉल, अर्धे पाणी. आमच्या प्रयोगशाळेत सगळे तसेच करतात, म्हणून वेगळे लिहिले नाही. नुसत्या पाण्यात स्फटिक वरच तरंगत राहिले, काचकांडीने ढवळूनही खाली बसेनात.

प्रयोगवही :
मग आपला आकडा चुकलेला नाही, तो त्या मिश्रणातला पीकेए आहे. उदासीन रेणूपासून प्रोटॉन आणि बेंझोएट असे दोन विद्युतभारित आयन तयार होतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक विद्युतभारांमधले आकर्षण किती कमी करतो त्याचे माप) सुमारे ७८ आणि इथेनॉलचा सुमारे २४ असल्याने मिश्रणात त्या आयनांना पुरेसा आधार मिळत नाही आणि आम्ल दुबळे ठरते. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात याच आम्लाचा पीकेए ११ च्या आसपास जातो. अॅनिलिनियमचे (अॅनिलिनला प्रोटॉन जोडून झालेल्या धन आयनाचे) मात्र तसे होत नाही, कारण तिथे विचरणापूर्वी आणि नंतर एकच धन आयन असतो. इथेनॉल वाढवले तर त्याचा पीकेए उलट किंचित घटतो.

ब्यूरेट :
हे मान्य आहे, पण पाण्यातल्या बफरने जुळवलेले मीटर इथेनॉलमध्ये खरा पीएच दाखवते असे धरू नये. इलेक्ट्रोडच्या द्रव-संधीवरचे (आतले द्रावण बाहेरच्या द्रावणाला भिडते तिथले) विभव तिथे बदलते. त्याच मिश्रणात ज्ञात तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन दुरुस्ती काढावी.

प्रयोगवही :
ती दुरुस्ती करावीच. शिवाय बेंझोइक आम्लाला इथेनॉलची गरजच नव्हती. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ३.४ ग्रॅम विरघळते आणि ०.०१ मोलर द्रावणाला १.२२ ग्रॅमच लागतो. पाणी कोमट करून विरघळवावे, २५ अंशांवर आल्यावर टायट्रेशन करावे.

निळा_लिटमस :
आज तसे केले, ४.२३ आला. मनापासून आभार. पण प्रकल्पात पुढे मोजायची माझी मूळ संयुगे कोमट पाण्यातही विरघळत नाहीत, त्यांचे काय करावे?

प्रयोगवही :
इथेनॉल २०, ३०, ४० आणि ५० टक्के ठेवून प्रत्येक वेळी पीकेए काढावा. पीकेएत पाण्याच्या मोलर तीव्रतेचा लॉगॅरिदम मिळवून तो डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या व्यस्तापुढे आलेखात मांडला की साधारण सरळ रेषा येते; हीच यासुदा-शेडलोव्स्की पद्धत. ती रेषा शुद्ध पाण्यापर्यंत वाढवावी. बेंझोइक आम्लावर आधी करून पाहावे, म्हणजे रेषा ४.२० जवळ पोहोचते की नाही ते सोमवारपूर्वीच कळेल.